प्रतिसाद: पाणवठा नसला तर चिंकारा जगतो कसा?

वर विचारलंय, उन्हाळ्यात पाणवठा आटला की चिंकारा (माळरानावरचं छोटं हरण) मरतो का? सहसा नाही. पाला, फळं आणि पहाटेचं दव यांतल्या ओलाव्यावर तो बरेच दिवस काढतो. आम्हा सोलापूरकरांना नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप सवयीचे. चिंकारा मात्र मी जवळून पाहिला तो सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यात. बोरीच्या आडोशाला एकटीच मादी, काळी शेपटी सारखी हलत होती. आमची चाहूल लागताच तिने पुढचा पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज काढला आणि पसार! डोक्यावर बारीक शिंगंही होती. काळविटाच्या मादीला ती सहसा नसतात. माळाला पडीक समजून नांगरू नका हो, चिंकाऱ्याचं घर तेच आहे.