स्ट्रेस एमआरआयमधली काळी रेघ: इस्केमिया (स्नायूला रक्त कमी पडणं) की आर्टिफॅक्ट (स्कॅनमधली खोटी खूण)?

वाशी_एमआर_टेक:
मंडळी, दीड टेस्लाच्या मशीनवर कार्डियाक स्ट्रेस परफ्युजन (औषधाने हृदयाचा रक्तप्रवाह वाढवून स्नायूला रक्त किती पोचतं ते बघणं) करतोय. अ‍ॅडेनोसिन (धमन्या रुंदावणारं औषध) किलोमागे मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट सेकंदाला 4 मिली. फर्स्ट पासला (कॉन्ट्रास्ट हृदयातून पहिल्यांदा जाताना) सेप्टमच्या (दोन व्हेंट्रिकलमधल्या भिंतीच्या) आतल्या कडेला काळी रेघ दिसते. काही पेशंटची तर पल्सच हलत नाही. रेघ खरी कधी धरायची? आणि पल्स वाढली नाही तर पुढे जायचं का?

घोडबंदर_रेडिओ:
रेघ कधी येते ते बघा. डावं व्हेंट्रिकल कॉन्ट्रास्टने भरलंय, स्नायूत अजून पोचायचाय, तेव्हा उमटली आणि स्नायू उजळताच काही ठोक्यांत विरली, तर ती डार्क रिम, म्हणजे आर्टिफॅक्ट. जाडी पिक्सेलभर, फेज एन्कोडिंगच्या (एमआरआय चित्र टिपतो त्यातल्या एका अक्षाच्या) दिशेला जास्त. पिक्सेल लहान केला की बारीक होते. खरा डिफेक्ट स्नायू उजळतानाही काळाच राहतो, आतून बाहेर पसरतो आणि धमनीच्या हद्दीत बसतो. रेस्टलाही (अ‍ॅडेनोसिनशिवाय) तशीच रेघ आणि लेट एन्हान्समेंटमध्ये (कॉन्ट्रास्टनंतर काही मिनिटांनी काढलेल्या, स्नायूतला डाग दाखवणाऱ्या चित्रांत) तिथे काही नाही, तर आर्टिफॅक्टच समजा. मात्र स्ट्रेसला ठोके वाढल्यामुळे रिमही गडद होऊ शकते, म्हणून नुसत्या रेस्टच्या तुलनेवर रिपोर्ट लिहू नये.

ठाणे_कार्डिओ:
पल्सचं म्हणाल तर आधी चहा विचारा, आणि नाव घेऊन विचारा. उपाशीपोटी या म्हटलं की पेशंट नाश्ता टाळतो, पण स्टेशनबाहेर कटिंग घेतोच. त्याला ते खाणं वाटतच नाही. कॅफिन अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट 24 तास बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. थिओफायलिनचीही (दम्याचं औषध) चौकशी हवीच.

दोन-तीन मिनिटांत पल्स 10 ने वाढली नाही आणि वरचं बीपीही 10 ने उतरलं नाही, तर तुमच्या प्रोटोकॉलमध्ये बसत असेल तर डोस 210 पर्यंत नेता येतो. नंतर प्लीहा तपासा: रेस्टला उजळणारी प्लीहा स्ट्रेसला काळी राहिली, तर औषध लागू पडलं.

दोन्ही औषधांना वेगवेगळ्या हातांत सुया लावा. एकाच लाइनमधून कॉन्ट्रास्ट गेला तर नळीतलं अ‍ॅडेनोसिन एकदम ढकललं जाऊन हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संकेत अडणं) होऊ शकतो. बीपीचा कफ अ‍ॅडेनोसिनच्या हाताला नको, फुगला की इन्फ्युजन अडतं. सक्रिय दमा किंवा पेसमेकर नसलेला दुसऱ्या-तिसऱ्या डिग्रीचा एव्ही ब्लॉक (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संकेत अडणं) असेल, तर अ‍ॅडेनोसिन द्यायचंच नाही.

वाशी_एमआर_टेक:
कफ त्याच हाताला होता! लेट एन्हान्समेंटचा टीआय (निरोगी स्नायू काळा दिसावा म्हणून ठरवायची वेळ) एकदाच ठरवला तर चालतो का?

घोडबंदर_रेडिओ:
नाही. कॉन्ट्रास्ट धुऊन जातो तसा टीआय वाढत जातो. दहा मिनिटांनी स्काउट (योग्य टीआय शोधणारा छोटा स्कॅन) घ्या, मग मधूनमधून वाढवत राहा. निरोगी स्नायू करडा दिसला, तर आतल्या थरातला बारीक डाग निसटू शकतो.