मदत हवी आहे : पॅनिक डिसऑर्डर असलेल्या बहिणीला सोबत कुठवर करावी?

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीला पॅनिक डिसऑर्डर (अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा विकार) असल्याचे निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केले आहे. निदानाबद्दल मला शंका नाही. घरच्यांनी कसे वागावे, हा माझा प्रश्न आहे आणि घाईगर्दीच्या तपासणीत त्यावर नीट बोलणे झालेले नाही, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

पहिला झटका तिला कामाच्या ठिकाणी, बैठकीत शांतपणे बसलेली असताना आला. छाती धडधडू लागली, दरदरून घाम सुटला, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि आपण आता मरणार अशी तिची खात्रीच पटली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुतेक सारे ओसरले होते. ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळे अहवाल नॉर्मल आले आणि ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण झाली. या वाक्याने तिला धीर आला नाही. तपासणीत सापडत नाही असे काहीतरी आपल्याला आहे, असाच अर्थ तिने घेतला. (डॉक्टरांनी तेव्हाच दोन वाक्ये जास्त बोलली असती तर पुढचे बरेच टळले असते, असे मला आजही वाटते.) त्यानंतर झटके येत राहिले, एकदा तर गाढ झोपेतून ती दचकून उठली.

मी जे वाचले त्यावरून एवढे समजले आहे की झटका येणे आणि विकार जडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांप्रमाणे झटक्यात १३ पैकी किमान ४ लक्षणे असतात आणि ती काही मिनिटांत शिगेला पोहोचतात. परंतु असे अनपेक्षित झटके वारंवार येऊन, ‘पुन्हा आला तर’ या धास्तीने किंवा त्यापायी बदललेल्या वागण्याने महिनाभर किंवा अधिक काळ माणूस ग्रासला, तर त्याला विकार म्हणतात. बहिणीच्या बाबतीत ही धास्तीच मोठी झाली आहे. ती लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, सभागृहात दाराजवळचीच खुर्ची धरते आणि पर्समध्ये ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्र) बाळगते. आकडा ९८ आला की तिला पाचेक मिनिटे बरे वाटते, मग पुन्हा बोट आत जाते.

बाहेर जाताना मी बरोबर असले तर तिला त्रास होत नाही, म्हणून मी जाते. दिवसातून अनेकदा फोन येतो, ‘ताई, मला काही होणार नाही ना?’ मी ‘नाही गं’ म्हणते. हल्ली मात्र मी सोबत केल्याने ती बरी होत आहे की माझ्यावाचून तिचे पाऊलच उचलेनासे झाले आहे, हे मला कळेनासे झाले आहे. शिवाय प्रत्यक्ष झटका चालू असताना काय बोलावे आणि काय टाळावे, हेही हवे आहे. तिला सर्ट्रालिन (नैराश्य आणि चिंतेवरचे औषध) सुरू झाले आहे, पण सुरुवातीला अस्वस्थता वाढल्यासारखी वाटल्याने ती गोळी सोडायचे म्हणते. अनुभवी आणि जाणकार मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. तिला न पाहता उपचार सांगणे योग्य होणार नाही. पण तुमचा प्रश्न नेमक्या जागेवर बोट ठेवणारा आहे.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेले प्रारूप आजही आम्हाला उपयोगी पडते. शरीरात एखादी साधी संवेदना होते, समजा जिना चढल्यावरची धडधड. मन तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावते, त्या भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते, धडधड आणखी वाढते आणि अर्थ खरा ठरल्यासारखा वाटतो. भीतीने श्वास जलद होतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या येतात, गरगरते आणि हवा अपुरी पडत आहे असे वाटते, प्रत्यक्षात ऑक्सिजन पुरेसा असूनही. म्हणून ऑक्सिमीटर अशा वेळी चांगलाच आकडा दाखवणार. जे घटले आहे ते तो मोजतच नाही. झोपेतला झटकाही बहुधा स्वप्नाविना येतो, तेव्हा दुःस्वप्नाचे कारण शोधत बसू नये.

आता सोबतीविषयी. ऑक्सिमीटर, दाराजवळची खुर्ची, तुमचे ‘नाही गं’ आणि तुमचे बरोबर असणे, या सर्वांना आम्ही सुरक्षावर्तने म्हणतो. संकट आलेच नाही, याचे श्रेय दर वेळी त्या वस्तूला किंवा व्यक्तीला जाते. ‘काही केले नसते तरीही झटका आपोआप ओसरला असता’ हे शिकण्याची संधी मेंदूला मिळत नाही. म्हणून सोबत कमी करायची, परंतु तिला विश्वासात घेऊन, टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो सीबीटी (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) करणाऱ्या थेरपिस्टच्या आखणीनुसार. लिफ्टचेच घ्या: आधी तुम्ही आत, मग तुम्ही वरच्या मजल्यावर, मग खाली आणि फोन बंद. थेरपीत मुद्दाम खुर्चीत गरगर फिरणे किंवा जागेवर धावणे असे व्यायामही असतात, जेणेकरून त्या संवेदनांची भीती मोडते. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असल्यास मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

झटक्याच्या वेळी ‘शांत हो’ म्हणू नका, तो हुकूम पाळता येत नाही. ‘हा पॅनिक आहे, चढेल आणि उतरेल, मी इथे आहे’ इतके पुरे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला टाळा. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो धोक्याचा ठरतो. श्रमाने येणारी छातीतली कळ, खरोखर शुद्ध हरपणे किंवा नेहमीपेक्षा निराळा, न ओसरणारा त्रास, यांसाठी मात्र सरळ रुग्णालय गाठावे.

गोळीबद्दल: या गटातील औषधांनी पहिले एक-दोन आठवडे बेचैनी वाढू शकते, म्हणूनच डोस कमी ठेवून सुरुवात करतात; गुण यायला काही आठवडे लागतात. परस्पर बंद न करता डॉक्टरांना आजच कळवा, ते डोस बदलू शकतात. बेचैनीबरोबर जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर थांबू नका, लगेच गाठा.

प्रतिसाद २

मी स्वतः यातून गेलो आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक पुरवणी. माझ्या घरच्यांनी कुठेतरी वाचून सोबत एका दिवसात काढून घेतली, तेव्हा मला ती शिक्षा वाटली आणि मी घराबाहेर पडणेच सोडले. टप्पा कोणता हे बहिणीला ठरवू द्या. आणि ‘तातडीची’ म्हणून दिलेली क्लोनाझेपामची (चिंता तात्पुरती शमवणारी) गोळी पर्समध्ये असेल तर तीही ऑक्सिमीटरचीच बहीण समजा. त्या गोळीची सवय लागते, हा भाग वेगळाच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना गोळीबद्दल कळवले, त्यांनी डोस निम्मा केला आहे. बहिणीला हा धागा वाचून दाखवला. लिफ्ट नको, आधी ऑक्सिमीटर घरी ठेवून बघते, असे ती म्हणाली. एक शंका उरते: तिने फोनवर ‘काही होणार नाही ना?’ विचारले की उत्तरच देऊ नये का?

प्रतिसाद १

उत्तर जरूर द्या, पण हमी देऊ नका. ‘तुला स्वतःला काय वाटते, मागच्या वेळी काय झाले होते?’ असे विचारा. सुरुवातीला ती चिडेल, म्हणून हे दोघींनी आधीच बोलून ठरवून ठेवा.