बापाचे उद्योग: नागपुरातल्या घरात लेकरांसोबत करायच्या गमती

रविवारी दुपारी किंवा सुट्ट्यांत लेकरांसोबत करता येतील अशा उचापती इथे आपल्या टोपणनावाखाली लिहा. सोफ्यावर पडल्या पडल्या सुचलेल्या चक्रम शंकाही चालतील, फक्त त्यांचा निकाल लागला पाहिजे. 'आमचं बाळ किती हुशार' हे प्रकरण नको. सामान काय, माप किती, वेळ कोणती आणि फसतं कुठे, एवढं सांगा. माप चुकलं की पोट्टे हसतात, आणि ते बापावरच हसतात.

गच्चीवाले

सावली गायब करणे. नागपूर २१.१५ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास. दिल्लीकरांच्या नशिबात हे नाही. सकाळीच पोराला धमकी द्यायची, "आज दुपारी सावली जप्त होणार."

सामान म्हणजे एक फूट पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडं काटकोनात कापलेली. हार्डवेअरवाल्याकडूनच कापून आणा, घरच्या करवतीने तिरकं जातं. गच्चीला पाणी वाहायला उतार असतो, त्यामुळे पाइप थेट फरशीवर ठेवला की कलतो आणि खेळ संपला. खाली पाट ठेवा, पाटाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा. पाटावर ठेवलेला कंचा कुठेच घरंगळला नाही की समजा पाट सरळ झाला.

वेळ बारा नाही. मेमध्ये १२ वाजून १० मिनिटं, जुलैमध्ये साधारण १२.२०. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७९.१ वर, म्हणून हा उशीर. ठोक्याला बाराला बघाल तर एक फुटाच्या पाइपची साधारण सव्वा सेंटीमीटर सावली पश्चिमेला पडलेली असते, मग पोरगं म्हणतं, "बाबा, आहे ना अजून!" तारीख एका दिवसाने चुकली तर जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून रविवारच्या सोयीने करायला हरकत नाही. पायात चपला हव्यातच, आणि उभं राहायला ओलं पोतं. जुलैच्या तारखेवर विसंबू नका, तेव्हा ढग असतात.

कुलर-खस

शंका: कुलरमध्ये रोज ओतलेलं पाणी जातं कुठे? उत्तर सगळ्यांना माहीत आहे, पण किती जातं हे मोजण्यात मजा आहे.

टाकीची लांबी-रुंदी टेपने मोजा. ६० बाय ६० सेंटीमीटरची टाकी असेल तर पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे ३.६ लिटर उडाले. टाकीच्या आतल्या बाजूला जुनी प्लास्टिकची मोजपट्टी चिकटवा आणि तासाभराने पातळी बघा. त्याआधी स्विच बंद करून प्लग काढायचा, नुसता पंप बंद करून हात घालायचा नाही. फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर त्या तासापुरता नळ बंद ठेवा, नाहीतर पातळी हलतच नाही आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आता मोठ्या पोरांसाठी हिशोब. एक लिटर पाणी उडताना साधारण ०.६७ युनिट उष्णता ओढून घेतं. तासाला एक सेंटीमीटर उतरत असेल तर हे जवळपास २.४ किलोवॅटचं काम झालं, म्हणजे एक टनाच्या एसीच्या दोन-तृतीयांश. हे ऐकून पाणी भरायची पाळी कोणी आनंदाने घेईल असं समजू नका.

हाच प्रयोग मृग लागल्यावर पुन्हा करा. हवा दमट असली की पट्टीवरचं पाणी फारसं उतरत नाही, खोलीत मात्र चिकचिक होते. मेमध्येही खिडकी-दार सगळं बंद ठेवून मोजलं तर तोच प्रकार: ओली हवा बाहेर जायला वाट हवी.

सायकल-शून्य

झिरो माईलच्या, म्हणजे अंतरं मोजायच्या शून्याच्या खांबाशी दगडावर गावं आणि मैल कोरलेले आहेत: सिवनी ७९, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. पोरांना १.६ ने गुणायला लावा. हैदराबाद ५०९ किलोमीटर येतं.

मग घरचा झिरो माईल. शून्य कुठे मांडायचं यावर भांडण होतंच, गॅस सिलिंडर हा सर्वमान्य तोडगा. दाराबाहेरची अंतरं लेकराच्या १६ इंची सायकलने मोजा. चाकाला पांढरी पट्टी चिकटवा, दहा फेरे ढकला, ते अंतर टेपने मोजून दहाने भागा. एका फेऱ्याचे सव्वा मीटरच्या आसपास येतात. गणिताने काढलेला परीघ थोडा जास्त येतो, कारण टायर वजनाने दबतं. हवा कमी असेल तर किराणा दुकान घरापासून आणखी लांब जातं.

संत्रावाले

फुगा फोडायला टाचणी नको, संत्र्याची साल पुरते. सालीच्या नारिंगी बाजूच्या ग्रंथींमध्ये तेल असतं, त्यातलं लिमोनीन रबर विरघळवतं. बोटभर रुंद ताजा तुकडा घ्या, नारिंगी बाजू फुग्याकडे, अंतर पाच-सहा सेंटीमीटर, आणि साल दुमडून चटकन दाबा. बारीक फवारा उडतो, फुगा फटकन जातो.

फुगा साधा पातळ रबरी आणि टम्म फुगवलेला हवा. ढिल्या फुग्यावर नुसता डाग पडतो. चमकीच्या फुग्यावर काहीच होत नाही. फ्रिजमध्ये वाळलेली सालही उपयोगाची नाही. संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्यात आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो, तोवर मजा करून घ्या. उन्हाळ्यात मोसंबीच्या सालीवर भागतं. फवारा डोळ्यात झोंबतो, म्हणून फुगा धरणाऱ्याचा हात लांब आणि तोंड फिरवलेलं.

वरच्यांना एक जोड

हाच फवारा मेणबत्तीवर मारला तर ठिणग्या उडतात. तो बापानेच करायचा, पडदे लांब ठेवून. फुगा आणि मेणबत्ती एकाच दिवशी दाखवू नका, पोरं स्वतःच जोडणी करतात.

तान्ह्या पोळ्याचा बाप

इथे खरं काम आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरू लाकडी नंदी ओढत घरोघर जातं आणि बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतं. बापाचं काम एवढंच की नंदी रस्त्यात पडू नये. दर वर्षी निम्मे पडतात.

दोरी नंदीच्या गळ्यात बांधू नका. ओढ वरून बसते आणि नंदी तोंडावर येतो. दोरी खालच्या पाटीच्या पुढच्या हुकात. लांबी चार फुटांच्या खाली नको: आखूड दोरीने पुढची चाकं उचलली जातात. नंदी एक फूट उंच असेल तर दोन बाजूंच्या चाकांत आठ इंच तरी अंतर ठेवा.

तयार नंदीला बहुतेक दोन इंची चाकं असतात. ती दुकानाच्या फरशीवर छान पळतात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत मात्र अडकतात. चार इंची बसवून घ्या. आस ८ मिलिमीटरची सळई असेल तर चाकाचं भोक ९ ते १० चं ठेवा, कारण भाद्रपदाच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि चाक ऐन वेळी गच्च बसतं. दोन्हीकडे वायसर टाका, सळईला मेणबत्ती घासा. तेल ओतलं तर धूळ चिकटते आणि झूलही खराब होते.

ऑइल पेंटचा शेवटचा हात किमान चार दिवस आधी, तोही पातळ. जाड थर वरून वाळलेला दिसतो, आतून ओला राहतो, आणि झूल उचलली की रंग झुलीसोबत निघतो. शिंगं नुसत्या फेव्हिकॉलवर ठेवू नका, आत छोटी लाकडी खुंटी घाला. लेकरं नंदी उचलतात ती शिंगाला धरूनच.

त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, म्हणून महाल-इतवारीकडे नंदी मिरवायचा असेल तर गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी न्या.

एक शंका

टेबल फॅनसमोर "आऽऽ" केलं की आवाज काहून फाटतो?

कुलर-खस

पातं समोर आलं की आवाज परततो, फट आली की पार जातो. तीन पाती आणि मिनिटाला १३०० फेरे धरले तर सेकंदाला ६५ वेळा आवाज कापला जातो, म्हणून घरघर ऐकू येते. वेग एकवर ठेवा, तुकडे जास्त सुटे ऐकू येतात. तोंड जाळीपासून वीतभर लांब. आणि "आऽऽ" पेक्षा "ईऽऽ" करून बघा.