होव्हरफ्लाय ओळखायला कुठून सुरुवात करू? सल्ला हवा

गच्चीवाली
नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर कुंड्यांत कोथिंबीर लावली होती, ती यंदा न खुडता फुलावर जाऊ दिली. आता सकाळी त्या पांढऱ्या तुऱ्यांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्यांची नुसती झुंबड असते. हवेत एका जागी थांबतात म्हणजे होव्हरफ्लाय, इतपत कळतं. पुढे गाडी अडते. ॲप दर वेळी एकच नाव देतं, एपिसिर्फस बाल्टिएटस, आणि मला तर त्यात निदान तीन वेगळ्या माश्या दिसतात. आधी शरीराची कोणती खूण बघायची? मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स आहे, कॅमेरा नाही. एखादं पुस्तक असेल तर तेही सुचवा. माशी मारायची नाही, ही अट.

शिरामोज्या
ताई, पट्ट्यांपासून सुरुवात केलीत की घोळ होणारच. पिवळं-काळं अंग गांधीलमाशीचं असतं, फळमाशीचं असतं आणि निम्म्या होव्हरफ्लायचंही. त्यात एपिसिर्फससारख्या जातीत कोष थंडीत वाढला तर माशी जास्त काळी निघते. म्हणजे डिसेंबरातली आणि एप्रिलमधली एकच जात तुम्हाला दोन वाटणार.

आधी पंख बघा. पंखांची एकच जोडी आणि मिशा आखूड, की मधमाशी-गांधीलमाशी बाद. मग पंखाची मागची कड. बहुतेक माश्यांच्या काही शिरा थेट कडेला जाऊन भिडतात. होव्हरफ्लायमध्ये त्या अलीकडेच वळतात आणि साडीच्या काठासारख्या कडेला समांतर धावतात. पंखाच्या मध्यावर एक फिकट शीर असते, ती कुठल्याच शिरेला धड जोडलेली नसते, मध्येच उगवते आणि मध्येच विरते. ही खोटी शीर जवळजवळ सगळ्या होव्हरफ्लायमध्ये सापडते. मोबाइलच्या फोटोतही ती दिसते, फक्त ऊन पंखाच्या मागून यायला हवं.

यानंतर डोळे. डोक्यावर दोन्ही डोळे एकमेकांना टेकले असतील तर बहुतेक वेळा नर, मध्ये फट असेल तर मादी. तुमच्या तीनपैकी दोन माश्या हे एकाच जातीचं जोडपं असू शकतं.

आता कोथिंबिरीवर कोण येतं ते. नारिंगी पोट आणि मधल्या दोन खंडांवर प्रत्येकी दोन काळ्या रेघा, एक जाड नि तिच्या वर एक मिशीसारखी बारीक, असं असेल तर एपिसिर्फस. पण तिथेच थांबा. बाल्टिएटसच्या जवळच्या जातीही आपल्याकडे आहेत आणि ॲपला तो फरक झेपत नाही. पोट निमुळतं, छाती चकचकीत काळपट आणि तिच्या दोन्ही कडांना स्वच्छ पिवळी पट्टी, तर इस्कियोडॉन स्क्युटेलारिस. हिच्या नराची पक्की खूण मागच्या पायाच्या बुडाशी असते, तिथे एक लांबट काटा पुढे आलेला असतो. बाजूने फोटो काढलात तरच दिसेल. आणि अगदी इवलीशी, पाच-सहा मिलिमीटरची, काळी किंवा काळी-तांबूस माशी असेल तर पॅरागस. तिच्या डोळ्यांवर लव असते, पण सलग नाही, उभ्या पट्ट्यांत. छातीच्या मागच्या टोकाला जी छोटी ढाल असते तिची कड करवतीसारखी दातेरी दिसली तर पॅरागस सेराटस किंवा तिच्या जवळची एखादी जात. बाकीच्या पॅरागसवर नाव लिहायच्या भानगडीत पडू नका.

बांधावरचा
आमच्याकडे नाशिक भागात कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर येतात त्या वेगळ्याच. मधमाशीएवढ्या, ठेंगण्या, छातीवर उभे पट्टे आणि डोळ्यांवर ठिपके. त्यांच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यातल्या घाण पाण्यात असतात, लांब शेपटी वर काढून श्वास घेतात. ताईंच्या पट्टेवाल्यांचं तसं नाही, त्यांच्या अळ्या मावा (रोपांचा रस शोषणारी बारीक कीड) खातात. मोहरीच्या शेंड्यावर माव्यात हिरवट, बिनपायाची, एका बाजूला निमुळती अळी दिसली तर औषध मारू नका, ती आपलीच. मावा उचलून धरते, आतलं शोषते आणि साल टाकून देते.

शिरामोज्या
दादा, तुमची ती एरिस्टॅलिनस. पंखाच्या पुढच्या भागातली एक लांब शीर खाली खोल झोका घेते, हीसुद्धा त्या गटाची खूण. मेसेंब्रियस या दुसऱ्या होव्हरफ्लायमध्येही तो झोका असतो. मग त्या शिरेच्या वर, पुढच्या कडेलगत असलेलं लांबट घर बघायचं. एरिस्टॅलिनसमध्ये ते कडेच्या आधीच बंद होतं, मेसेंब्रियसमध्ये उघडं राहतं.

जुनी_पोथी
पुस्तकाचं सांगतो. ब्रिटिश इंडियाच्या फॉना (प्राणिजीवन) मालिकेत द्विपंखी कीटकांचा, म्हणजे माश्यांच्या गटाचा, तिसरा खंड ब्रुनेटीने लिहिला, 1923 साली. होव्हरफ्लाय त्यात आहेत आणि तो फुकट उतरवून घेता येतो. नवशिक्याने मात्र पहिल्या दिवशी उघडू नये. नावं बरीच बदलली आहेत आणि चित्रं मोजकीच. युरोपातल्या मार्गदर्शिका छान छापलेल्या असतात. अवयव समजून घ्यायला त्या घ्या, जाती जुळवायला नको.

एक खटकणारी गोष्टही बोलतो. मारायचं नाही ही अट ठेवली तर पॅरागस, स्फीरोफोरिया अशा होव्हरफ्लायच्या गटांत जातीपर्यंत जाता येत नाही. तिथे नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. संरक्षित जंगलात नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, ते वेगळंच.

गच्चीवाली
मग पॅरागस एवढंच लिहीन. नाव अर्धवट राहिलं तरी चालेल.

बांधावरचा
ताई, न मारता आणखी एक करता येतं. माव्यासकट अळी बाटलीत ठेवा, वर मलमल बांधा, रोज ताजा मावा घाला. कोष पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. माशी बाहेर आली की पंख नीट पसरून रंग भरेपर्यंत थांबायचं, मग सगळ्या बाजूंनी फोटो काढून सोडून द्यायची. फुलावरची तेवढा वेळ देत नाही.

शिरामोज्या
हे उत्तम. फुलावरच काढायचे असतील तर उन्हं चढायच्या आधी जा, गारव्यात त्या सुस्त असतात. वरून, बाजूने, चेहऱ्यासमोरून आणि एक फक्त पंखाचा, असे चार फोटो हवेत. उडतानाचे नकोत, दिसायला भारी पण कामाचे नाहीत.

गच्चीवाली
आज काढले, वर जोडलेत. पहिला इस्कियोडॉन वाटतो, काटा दिसतोय! दुसरी अगदी बारकी. तिसरीच्या डोळ्यांवर आडवे पट्टे आहेत, म्हणजे एरिस्टॅलिनस ना?

शिरामोज्या
पहिला बरोबर, नर आहे. दुसरी पॅरागस. तिसरीचा पंख मोठा करून बघा. काठ नाहीच आणि खोटी शीरही नाही. तोंड चोचीसारखं पुढे आलंय आणि अंगावर राठ केस आहेत. होव्हरफ्लायच्या अंगावर असे राठ केस सहसा नसतात. ही स्टोमोऱ्हायना, दुसऱ्याच कुळातली. डोळ्यांच्या पट्ट्यांमुळे तिची आणि एरिस्टॅलिनसची गल्लत कायम होते. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) तिन्ही टाका, तिसरीला नुसतं 'माशी' असं लिहून. आणि ॲपने सुचवलेलं नाव दाबू नका.