फ्रेंच बाईंचा संघ उटीत कसा जन्मला? (फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी)

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. ख्रिस्ती धर्माबद्दल माझी पाटी खरंच कोरी आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. चेन्नईच्या स्टेला मॅरिस कॉलेजबद्दल वाचत होतो. १९४७ साली सुरू झालेलं हे कॉलेज ज्या सिस्टरांचं आहे त्यांचा संघ म्हणजे फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी, थोडक्यात एफएमएम. संस्थापिका फ्रेंच, मुख्यालय रोमला, पण संघाचं मूळ मात्र उटीत! फ्रान्समधल्या संघाने भारतात शाखा काढली असती तर समजलं असतं, इथे गंगा उलटी वाहिलेली दिसते. हे कसं काय?

दुसरं, या सिस्टर रोज ठरावीक वेळ नुसत्या आराधनेला बसतात आणि तेच त्यांच्या कामाचं मूळ आहे, असंही वाचलं. समोर कामाचा डोंगर असताना बसून राहायचं, हे काही डोक्यात शिरेना. जाणकारांनी उजेड पाडावा.

आत्याची भाची:
जाणकार वगैरे म्हणवत नाही, पण माझी आत्या जन्मभर या संघात होती. सुट्टीत तिला भेटायला कॉन्व्हेंटमध्ये जायचो, तेव्हा पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, चहा-बिस्किटांबरोबर मदर फाउंड्रेसच्या, म्हणजे संस्थापिकेच्या, गोष्टी ठरलेल्या. पुढे मी स्वतः वाचत गेले आणि लक्षात आलं, की आत्याने एक गोष्ट फार गोड करून सांगितली होती. हा संघ कुणी योजना आखून काढलेला नाही. तो बेबनावातून निघालाय.

एलेन द शापोतँ, जन्म २१ मे १८३९, फ्रान्सातलं नांत शहर, घराणं खानदानी. डिसेंबर १८६० मध्ये ती संत क्लेराच्या (ही संत फ्रान्सिसची शिष्या) परंपरेतल्या मठात गेली. बंदिस्त मठ, कडक दारिद्र्य. महिनाभरात प्रार्थनेत तिला अनुभव आला, की चर्चसाठी आणि पोपसाठी स्वतःचा बळी द्यायला देव तिला बोलावतोय. आजच्या वाचकाला हे जड जातं, मलाही जातं. पण तारीख बघा. तेव्हा इटलीत पोपचं स्वतःचं राज्य होतं. सप्टेंबर १८६० मध्येच तिथल्या कास्तेलफिदार्दोला पोपचं सैन्य हरलं होतं, सेनापती लामोरिसिएर तर नांतचाच. पोपचं राज्य हातातून निसटत होतं. नांतच्या कॅथलिक घरांत तेव्हा दुसरा विषय नसणार. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीच्या प्रार्थनेत तो शिरला यात नवल नाही. एवढं होतंय तोच ती आजारी पडली आणि मठ सोडून घरी यावं लागलं.

मग १८६४ साली तुलूझला ती मारी रेपारात्रिस नावाच्या संघात गेली. १५ ऑगस्टला वेष मिळाला आणि नवं नाव, मेरी ऑफ द पॅशन. या संघाची ओळख म्हणजे पवित्र साक्रामेंताची आराधना, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेल्या भाकरीत ख्रिस्त हजर आहे असं मानून तिच्यापुढे प्रार्थनेत बसणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मार्च १८६५ मध्ये, नोव्हिस म्हणजे व्रतं घेण्याआधीची उमेदवार असतानाच, तिला भारतात पाठवलं. मदुराईत जेझुइट धर्मगुरूंचं मिशन होतं आणि या सिस्टरांकडे जी कामं होती त्यात एक म्हणजे तिथल्याच मुलींच्या एका धर्मभगिनी संघाला घडवणं. पहिली व्रतं तिने इथेच घेतली, ३ मे १८६६ ला. पुढच्या वर्षी, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी, ती तीन मठांची प्रांतप्रमुख! आत्या हे सांगताना हमखास माझ्याकडे बघायची. मी तेव्हा बी.एड.ला दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या.

संघात कुरबुरी आधीपासून होत्या, त्या वाढत गेल्या. १८७४ मध्ये उटीला नवं घर निघालं. आता खरी मेख इथे आहे. उटी मदुराईच्या हद्दीत नव्हतं. ते कोइमतूरच्या बिशपांकडे, म्हणजे पॅरिस फॉरेन मिशन्स या दुसऱ्या फ्रेंच संस्थेच्या धर्मगुरूंच्या ताब्यातल्या मुलखात. १८७६ मध्ये वीस सिस्टरांनी मूळ संघ सोडला, त्यात मेरी ऑफ द पॅशनही, आणि सगळ्या उटीला जमल्या. व्रतं घेतलेली सिस्टर संघाबाहेर पडली की ती धड इकडची राहत नाही, धड तिकडची. एखाद्या बिशपाने आपल्या अधिकाराखाली घेतलं तरच निभाव. कोइमतूरचे जोसेफ बार्दू यांनी ते केलं. हद्द ओलांडलेली नसती तर हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

नोव्हेंबरात ती रोमला गेली आणि ६ जानेवारी १८७७ ला पोप नववे पायस यांनी नव्या संघाला परवानगी दिली. तेव्हा नाव नुसतं मिशनरीज ऑफ मेरी. नव्या मुलींसाठी नोव्हिशिएट, म्हणजे नोव्हिसांना घडवायचं घर, फ्रान्समध्ये सँ-ब्रियूला उघडलं. म्हणजे गंगा खरंच उलटी वाहिली: आधी निलगिरी, मग फ्रान्स. तेव्हा उटीला रेल्वेही नव्हती हो, ती १९०८ ला पोचली.

फ्रान्सिस्कन हा भाग त्यानंतरचा. ४ ऑक्टोबर १८८२, संत फ्रान्सिसचा सण, रोमच्या आराचेली चर्चमध्ये ती फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात (फ्रान्सिसच्या परिवारातली तिसरी शाखा) दाखल झाली. क्लेराचा मठ सुटल्याला वीसेक वर्षं झाली होती, ती वाट फिरून तिथेच आली. आणि लगेच दुसरा फटका. मार्च १८८३ मध्ये तिला प्रमुखपदावरून दूर केलं. पोप तेरावे लिओ यांनी चौकशी लावली, ती निर्दोष ठरली, जुलै १८८४ मध्ये सिस्टरांनी तिलाच पुन्हा निवडलं. १२ ऑगस्ट १८८५ ला रोमची मान्यता मिळाली आणि संघ फ्रान्सिस्कन परिवाराशी जोडला गेला.

आराधनेचं उद्या लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्यात.

उलटतपासणी:
माहिती छान, पण जरा चकचकीत बाजूच येतेय. याच संघाच्या सात सिस्टर १९०० साली चीनमध्ये मारल्या गेल्या, त्यांना १ ऑक्टोबर २००० ला संत घोषित केलं. चीनने जोरदार निषेध केला होता, कारण तो त्यांचा राष्ट्रीय दिन. शिवाय चीनमधल्या मिशनांना फ्रान्सचं तहांखालचं संरक्षण होतं. तोफांच्या सावलीत आलेल्यांची अध्यात्मिकता कशी मोजायची?

आत्याची भाची:
उलटतपासणी, तुमचा मुद्दा खोडत नाही. तहांचं छत्र होतंच आणि १९०० साली परदेशी लोकांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांच्या रागाला ते एक मोठं कारण होतं. व्हॅटिकनचं म्हणणं असं की १ ऑक्टोबर हा मिशनांची आश्रयदात्री संत तेरेज हिचा सण. तो आहेही. पण तारीख निवडताना बीजिंगला काय वाटेल हे कुणाला सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

तरी त्या सातजणींकडे तोफ नव्हती. मे १८९९ मध्ये त्या ताययुआनला पोचल्या, अनाथाश्रम आणि दवाखाना बघत होत्या, जेमतेम वर्ष झालं होतं. तिघी फ्रेंच, दोघी इटालियन, एक बेल्जियन, एक डच. धाकटी मारिया देला पाचे चोविशीची. ९ जुलै १९०० ला शान्शीचा गव्हर्नर युशियान याच्या आवारात त्यांना मारलं. बिशप ग्रास्सी आणि फोगोल्ला यांच्याबरोबर सेमिनरीचे, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेचे, चिनी विद्यार्थी आणि मिशनमधले चिनी कामकरीही मेले. संत झालेल्या १२० जणांत ८७ चिनीच आहेत, हे निषेधाच्या बातमीत येत नाही.

आता आराधना. मारी रेपारात्रिसमधून बाहेर पडताना या बायकांनी घरं सोडली, पण आराधना बरोबर आणली. संघ फ्रान्सिस्कन झाला तेव्हा क्लेराचं दारिद्र्य परत मिळालं. मदुराईने मिशन दिलं होतंच. मला हा संघ समजतो तो असा. पोथीतून काही आलेलं नाही, जिथे जिथे राहून निघावं लागलं तिथून एकेक गोष्ट उचललेली. आणि मरियामाता या सगळ्यात मध्यभागी. येशूची आई होशील का असं विचारायला आलेल्या देवदूताला तिने दिलेला होकार या सिस्टर रोज स्वतःच्या तोंडून देतात. वेष घेताना प्रत्येकीच्या नावात मारी यायचं ते त्यामुळेच, सातही हुतात्म्यांची नावं बघा.

तुमचा प्रश्न होता बसून राहण्याचा. आत्याच्या कॉन्व्हेंटात चॅपलच्या दाराला आतून पाळ्यांचा कागद लावलेला असे. दोन-दोन जणींची जोडी. एकदा मी स्वयंपाकघरात बसले होते, कणीक मळणाऱ्या सिस्टरने घड्याळ बघितलं, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले आणि निघाली. मनगटाला कणीक तशीच. तिच्या जागी जी चॅपलमधून आली तिने एक शब्द न बोलता पदर, म्हणजे तो पांढरा एप्रन, बांधला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. दोघींत निरोपानिरोपी नाही. मला तेव्हा ते रुग्णालयातल्या शिफ्टसारखं वाटलं, आणि आत्याला तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग काय वेगळं आहे?" तिच्या लेखी चॅपल ही विश्रांतीची जागा नव्हतीच. तिथे बसून शाळेतली नापास पोरं, आजारी माळी, न दिसलेला चीन, सगळे एकेक करून देवापुढे ठेवायचे. ते झाल्याशिवाय वर्गात जायचं म्हणजे तयारी न करता जाणं.

दुसरी बाजू म्हणजे पाठवतील तिथे जायचं. बदलीचं पत्र आलं की ट्रंक भरायची. आत्या एका बदलीला खूप रडली होती हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तिने स्वतः कधी बोलून दाखवलं नाही. हा होकार स्वस्त नसतो एवढंच सांगायचंय. बळी जाण्याची ती जुनी भाषा आता संघातही कमी ऐकू येते, उपलब्ध असण्याची भाषा जास्त. मला विचाराल तर बरंच झालं. जुन्या भाषेत सोसण्याचंच कौतुक फार होतं.

वॉर्डातली:
नर्स आहे, म्हणून एक भर. रावळपिंडीचं सेंट कॅथरिन हॉस्पिटल एफएमएम सिस्टर सांभाळत. डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंच्या खटपटीतून ते उभं राहिलं, कारण पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाईनात. पण गंमत अशी, की धर्मभगिनींनी डॉक्टरकी आणि बाळंतपणं करायला तेव्हा चर्चचीच मनाई! सिस्टर शुश्रूषा करणार, प्रसूतीला मात्र बाहेरची डॉक्टर हवी. ऑस्ट्रियाच्या डॉ. अॅना डेंगेल तिथे काम करून गेल्या, त्यांनी ती अडचण डोळ्यांनी बघितली आणि १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा वेगळा संघ काढला. रोमने मनाई उठवली १९३६ ला. मधल्या काळात किती बाया गेल्या असतील, विचार करवत नाही.

कोरीपाटी:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्याच्या भाचीबाई, दोन शंका. मेरी ऑफ द पॅशन गेल्यानंतर संघ टिकला कसा? आणि या आराधनेला माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला बसता येतं का?

आत्याची भाची:
ती १५ नोव्हेंबर १९०४ ला इटलीत सानरेमोला वारली, तोवर दोन हजारांहून जास्त सिस्टर आणि ८६ घरं झाली होती. व्यवस्था पक्की होती, नियमावलीला १८९६ मध्येच कायमची मान्यता मिळालेली. तिला स्वतःला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते थेट २० ऑक्टोबर २००२ ला. गंमत म्हणजे तिच्या हाताखालच्या मुली तिच्या आधी पोचल्या. सातजणींचं वर आलंच. शिवाय असुंता पाल्लोत्ता नावाची इटलीतली शेतकरी घरची पोर, शिक्षण जेमतेम. संघात तिच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि शेतकाम. हट्टाने चीन मागून घेतलं, १९०४ मध्ये गेली आणि ७ एप्रिल १९०५ ला टायफसने वारली. ना शाळा काढली, ना कुणाला शिकवलं. १९५४ मध्ये धन्य. आत्याची सगळ्यात लाडकी हीच. संस्थापिकेचा फोटो पार्लरमध्ये, असुंताचा तिच्या टेबलाच्या काचेखाली.

आराधनेचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी चालतं. गेटवरच्या सिस्टरला विचारा, ती वेळ सांगेल. चपला बाहेर, मोबाइल बंद, मागच्या बाकावर बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही. कुणी येऊन धर्माबद्दल काही विचारणार नाही, चहा मात्र विचारतील.