तालुक्यात टंचाईवर स्वतःची बातमी कशी काढायची? मदत हवी आहे

नवा_वार्ताहर: मंडळी, दैनिकासाठी तालुका बघतो. रोज हाती येतं ते सत्कार, निवेदनं आणि पोलिसांची प्रेसनोट. संपादकांना टंचाईवर 'वेगळं' हवंय. टँकर सुरू असलेल्या गावांची यादी मिळाली, पण पुढे कोणी बोलत नाही. माहिती अधिकार टाकला तर उत्तर येईपर्यंत पाऊस पडेल. सुरुवात कुठून करू?

कोरा_कागद: यादी मिळाली म्हणजे अर्धं काम झालं. तीच गावं जलजीवन मिशनच्या संकेतस्थळावर बघा. 'हर घर जल' नोंद असलेलं गाव टँकरच्या यादीतही असेल तर धागा सापडला. मात्र लगेच 'घोटाळा' लिहू नका. तिथे नळजोडण्या मोजतात. एप्रिलमध्ये विहीर आटली, तर जोडणीही खरी आणि टँकरही खरा. मग खरा प्रश्न असा की योजनेसाठी हा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, कशाच्या आधारावर निवडला?

दुसरं, खेपांचा हिशोब. ग्रामीण भागात माणशी रोज २० लिटर धरतात. १८०० लोकवस्तीला ३६ हजार लिटर, म्हणजे १२ हजारी टँकरच्या तीन खेपा. गावात प्रत्यक्ष किती येतात ते टँकर रिता होतो तिथे उभं राहून, वेळ टिपून मोजा. एकाच दिवसावर विसंबू नका. टँकर पंक्चर होतो, भरायच्या ठिकाणी वीज जाते.

माहिती अधिकाराच्या अर्जात 'का' विचारलंत की उत्तर टाळायला आयतं कारण मिळतं. कागद मागा: "अमुक गाव, १ ते १५ एप्रिल, टँकरचं लॉगबुक, जीपीएस अहवाल, मंजूर देयके यांच्या प्रती." बस्स. आपल्याकडे महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. मुदत ३० दिवसांची. घाई असेल तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कार्यालयात जाऊन अभिलेख, म्हणजे तिथले कागद, बघता येतात. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, त्याची प्रत खिशात असू द्या. 'असं काही नसतं' हे पहिलं उत्तर ठरलेलं!

आवक_जावक: साहेबांकडे सगळ्यात शेवटी जा. आधी टँकरचालक, गावात व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी, पाणीपुरवठ्याचं टेबल सांभाळणारा लिपिक. 'गैरव्यवहार होतो का?' म्हणालात की माणूस मिटलाच. 'काल पहिली खेप कुठे भरली? रांगेत किती वेळ गेला?' असं विचारा.

नाव छापायचं की नाही, हे बोलणं सुरू होण्याआधी ठरवा. 'पंचायत समितीतील एका लिपिकाने सांगितले' असं लिहिलंत आणि त्या टेबलला लिपिकच एक असला, तर नाव छापल्यासारखंच झालं. कागदाचा फोटोही जसाच्या तसा नको. कडेची टिपणी आणि शिक्का बघून तो कुणाकडून बाहेर गेला ते ऑफिसात लगेच कळतं.

नवा_वार्ताहर: गटविकास अधिकारी फोनच घेत नाहीत. 'संपर्क होऊ शकला नाही' चालेल का?

आवक_जावक: एका मिस्ड कॉलवर नाही चालणार. आकड्यांसकट तीन प्रश्न लेखी द्या, उत्तराची वेळ लिहा, आवक शाखेतून पोच घ्या. मग 'अमुक तारखेला लेखी प्रश्न दिले, उत्तर आले नाही' असं बिनधास्त छापा. टँकरच्या ठेकेदारालाही विचारा, त्याला बहुतेक जण विसरतात.