आयपॅडमध्ये ई-सिमचा डेटा प्लॅन घ्यावा की फोनचा हॉटस्पॉटच बरा?

द्राक्षपट्टा_नाशिक

नमस्कार मंडळी. माझं काम द्राक्षबागांना सल्ला द्यायचं, म्हणजे दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात दिवसभर प्लॉट बघत फिरायचं, डावणी-भुरी या रोगांचे फोटो काढायचे, फवारणीच्या नोंदी घ्यायच्या, एक्सपोर्टचा माल असला तर पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस) मोजून कुठलं औषध कधी बंद करायचं ते सांगायचं. हे सगळं आत्तापर्यंत फोनवर रेटलं पण आता डोळे साथ देईनात, आणि शेतकऱ्याला पानावरचा डाग मोठा करून दाखवायचा तर मोठी स्क्रीन बरी पडते, म्हणून टॅबलेट घ्यायचं चाललंय.

कॉलेज रोडला एका दुकानात बघून आलो. साधा आयपॅड, ए१६ वाला, वायफाय ३४,९०० आणि सेल्युलर ४९,९००. म्हणजे नुसतं नेट चालावं म्हणून १५ हजार जास्त आणि वर दुकानदार म्हणतो यात सिम टाकायला जागाच नाही, ई-सिमच, म्हणजे कार्ड न घालता यंत्रातच उतरवायचं सिम, घ्यावं लागेल. तोच पुढे म्हणाला की तुमचा आहे तोच नंबर टॅबलेटवर पण टाकून देतो, दोन्हीकडे चालेल. हे खरं आहे का? बँकेचं सगळं त्याच नंबरला जोडलेलं आहे म्हणून जरा धाकधूक वाटते. आणि ननाशी, पेठकडे गेलो की रेंजचे वांधेच असतात, तिथे ई-सिमचा काही फायदा की उलट तोटाच? कोणी वापरत असेल तर सांगा.

कॅनडा_कॉर्नर_कट्टा

सगळ्यात आधी ते दोन्हीकडे चालेल प्रकरण डोक्यातून काढा. आपल्याकडे एकच नंबर घड्याळात आणि फोनमध्ये चालायची सोय आहे, जिओ आणि एअरटेल दोघंही ॲपल वॉचला देतात, दुकानदाराने बहुतेक तेच ऐकलं असेल. आयपॅडला ती सोय नाही. तुमचा नंबर ई-सिम करून आयपॅडमध्ये टाकला की फोनमधलं सिम मेलं, तिथे नो सर्व्हिस येणार.

आणि आयपॅड म्हणजे फोन नव्हे भाऊ. सिम असलं तरी त्यावरून साधा कॉल लागत नाही आणि साधे एसएमएस दिसत नाहीत, सिम फक्त डेटासाठी. म्हणजे बँकेचा ओटीपी निघाला, तुमच्या नंबरला पोचला, आणि तुम्हाला कुठेच दिसला नाही. यूपीआयचं ॲप नव्याने रजिस्टर करायचं झालं तर ते सिमवरूनच एसएमएस पाठवतं, ते पण गेलं. आमच्या ऑफिसातल्या एकाने हेच केलं, मार्चएंडच्या धांदलीत, परत फोनमध्ये नंबर आणायला कंपनीच्या स्टोअरमध्ये जाऊन अंगठा द्यावा लागला आणि सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात (फसवणूक टाळायला दूरसंचार खात्यानेच तसा नियम केलाय) त्यामुळे नंबर परत आला तरी ओटीपी दुसऱ्या दिवशीच सुरू.

तर टॅबलेटला वेगळा नंबर घ्या. बँक, आधार, गॅस कशालाच तो जोडू नका. एका माणसाच्या नावावर ९ कनेक्शन चालतात, किती आहेत ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर बघून घ्या, कधीकधी आपल्याला माहीत नसलेलंही एखादं निघतं तिथे.

पंचवटी_पासहोल्डर

मी उलट सांगतो, १५ हजार वाचवा आणि हॉटस्पॉट लावा. मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो, लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्ही फोनच्या नेटवर चालतात. कसाऱ्याच्या बोगद्यात तसंही कोणाचंच काही चालत नाही, ई-सिम असो की साधं सिम. १५ हजारात वर्षानुवर्षं रिचार्ज होईल. सेल्युलर घ्यायचा आणि परत महिन्याला दुसरा प्लॅन भरायचा हा कुठला हिशोब.

कॅनडा_कॉर्नर_कट्टा

पासहोल्डर दादा, तुम्ही सीटवर बसून चार्जिंगला लावून वापरता हो. एप्रिलच्या खरड छाटणीला भर उन्हात बागेत उभं राहून दिवसभर हॉटस्पॉट चालू ठेवा, फोन तव्यासारखा तापतो आणि दुपारी बॅटरी लाल. आणि ह्यांना दिवसभर फोन येत असणार, शेतकरी काही वेळ बघून फोन करत नाही.

अजून एक, वायफाय वाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सेल्युलरमध्ये असतं आणि ते सिम नसलं, रिचार्ज संपला तरी चालतं. प्लॉटचं लोकेशन टिपायचं, बागेची हद्द नकाशावर मारायची असेल तर ह्यांच्या कामात तेवढ्यासाठीसुद्धा सेल्युलर परवडेल असं मला वाटतं. नुसतं घरी मुलांच्या अभ्यासाला हवा असता तर मीही वायफायच सांगितला असता.

सिडको_मोबाईलवाला

माझं दुकानच आहे म्हणून पद्धत सांगतो, कारण लोक इथेच अडकतात. नवीन नंबर थेट ई-सिमवर पण मिळतो, पण माझा सल्ला असा की आधी साधं सिम घ्या, फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका, चालू होऊ द्या. मग त्या कंपनीचं ॲप त्या नंबरने लॉगिन करून ठेवा, कारण लॉगिनचा ओटीपी आत्ता फोनवर येतोय, एकदा नंबर आयपॅडमध्ये गेला की हा ओटीपी तुम्हाला दिसणार नाही आणि मग शिल्लक डेटा किती, प्लॅन कधी संपतो हे बघायची पंचाईत. रिचार्ज मात्र कुठूनही होतो, यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला की झालं, त्याला त्या नंबरचा ओटीपी लागत नाही.

हे झालं की ई-सिममध्ये बदलायचं. जिओला आयपॅडचा ३२ आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि १५ आकडी आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) लागतो, दोन्ही सेटिंग्जमध्ये जनरल आणि मग अबाउटमध्ये दिसतात, ते त्या सिमवरून १९९ ला एसएमएस करायचे. एअरटेलला ईमेल आयडी लिहून १२१ ला, व्हीआयला १९९ ला, मग ईमेलवर क्यूआर येतो. एअरटेलकडून खात्री करायला उलट एसएमएस येतो त्याला लगेच, मिनिटाच्या आत उत्तर द्यायचं, चहा प्यायला गेलात की पहिल्यापासून. ईमेल आधीच कंपनीकडे रजिस्टर असला पाहिजे, अर्ध्या लोकांचं घोडं तिथेच अडतं.

क्यूआर स्कॅन करताना आयपॅड घरच्या वायफायवर हवा, प्रोफाइल नेटवरूनच उतरतं. आणि तो क्यूआर साधारण एकदाच चालतो. त्यामुळे उद्या आयपॅड रीसेट केला तर विचारेल, ई-सिम ठेवायचं की पुसायचं, तिथे ठेवायचं म्हणा. पुसलंत तर परत नवीन क्यूआर काढा, आणि त्यासाठी कंपनीच्या दारात.

आणि हो, तुमचं ई-सिम चालू करून देतो म्हणून कोणाचा फोन आला, लिंक पाठवली, तर सरळ कट करा. असे बरेच प्रकार झालेत, तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये ई-सिम करून घेतात आणि सगळे ओटीपी तिकडे जातात. २०२५ मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर विभागाने पण सावध केलं होतं. अचानक फोनची रेंज गेली आणि तुम्ही काही केलेलं नसेल तर थांबू नका, बँकेला कळवा आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

द्राक्षपट्टा_नाशिक

बापरे, बरं झालं विचारलं. दुकानात होकारच देऊन येणार होतो. आता सेल्युलर आणि वेगळा नंबर हे पक्कं. पण मग प्लॅन कुठला? मला कॉलिंग नको, नुसता डेटा हवाय. आणि रेंजचं कोणीच बोललं नाही.

सातपूर_शिफ्टवाला

नुसता डेटा मिळणं हेच दुखणं आहे. प्रीपेडमध्ये डेटाची जी छोटी पॅक असतात ती बहुतेक चालू बेस प्लॅनवरच चढतात, म्हणजे ज्या यंत्रावरून कॉल लागतच नाही त्यासाठी तुम्ही अमर्याद कॉलिंगचे पैसे भरायचे. गंमत आहे. घरात पोस्टपेड असेल तर फॅमिली प्लॅनमध्ये जास्तीचं कनेक्शन जोडून घ्या, ते टॅबलेटला स्वस्त पडतं, बिल एकाच ठिकाणी येतं आणि रिचार्ज संपला का हे बघत बसावं लागत नाही. प्रीपेडच घेतलंत तर सीझन संपल्यावर नुसतं टाकून देऊ नका, ९० दिवस काहीच वापर नाही आणि बॅलन्स २० रुपयांच्या खाली असेल तर नंबर बंद होऊ शकतो.

मी स्वतः सॅमसंगचा टॅब वापरतो, सिमवाला. त्यावर कॉलही लागतो आणि एसएमएस पण दिसतात, त्यामुळे वरची ओटीपीची भानगड मला कधी आली नाही. टॅब एस९ च्या ५जी मॉडेलमध्ये साधं सिम आणि ई-सिम दोन्ही आहे. स्वस्तातल्या टॅबमध्ये बहुतेक साधाच ट्रे असतो, ई-सिमच्या नादी न लागता सिम घातलं की चालू. आयपॅडच हवा असा हट्ट नसेल तर हे पण एकदा बघा. कॅमेऱ्याचं मात्र पानावरचा डाग टिपायला दुकानात दोन्ही हातात घेऊनच ठरवा.

कॅनडा_कॉर्नर_कट्टा

रेंजचं सांगतो, ई-सिमने रेंज वाढत नाही आणि कमीही होत नाही, टॉवर तोच. फायदा वेगळा आहे. आयपॅडमध्ये एकापेक्षा जास्त ई-सिम साठवता येतात, चालू एकावेळी एकच. म्हणजे निफाडकडे एका कंपनीवर काम करायचं आणि पेठच्या बाजूला गेलं की सेटिंग्जमधून दुसरीवर जायचं, सिम काढायची पिन शोधत बसायला नको. पण दुसऱ्याचे पैसे पण भरावे लागणार, म्हणून आधी बघा की तुमच्या ठरलेल्या गावांत कोण चालतं. आता कंपन्यांनी आपल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे टाकलेत, ट्रायने (दूरसंचार नियामकाने) सक्तीच केली, त्यात गाव टाकून बघता येतं. तरी नकाशावर फार विसंबू नका, ज्या शेतकऱ्याकडे जाता त्यालाच विचारा की बागेत तुझा कुठला फोन चालतो, त्याला बांध न् बांध माहीत असतो.

चुकीची कंपनी निवडली आणि नंतर पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची म्हटलं तर लक्षात घ्या, पोर्टसाठी त्याच नंबरवरून १९०० ला एसएमएस करावा लागतो आणि आयपॅडवरून तो जात नाही. परत नंबर फोनमध्ये आणा, आणि सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्ट करता येत नाही. त्यापेक्षा टॅबलेटचा नंबर सोडून देऊन दुसऱ्या कंपनीचा नवा घेतलेला परवडतो, कोणाला दिलेला नसतोच तो.

आणि पहिल्याच दिवशी मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये जाऊन लो डेटा मोड चालू करा, फोटो आणि ॲप स्टोअरचा मोबाइल डेटा बंद करा. ५जी वर जास्त डेटा वापरू द्या असा एक पर्याय असतो, तो चालू राहिला तर अपडेट वगैरे सगळं सिमवरूनच उतरवून घेतो. रोजचा दीड जीबी सकाळी गिरणाऱ्यापर्यंत पोचायच्या आत संपेल.

द्राक्षपट्टा_नाशिक

ठीक. घरी बायकोचं पोस्टपेड आहे, त्यात एक कनेक्शन वाढवून मिळतं का ते उद्याच विचारतो. ते मिळालं तर त्यालाही आधी साधं सिम घेऊन फोनमध्ये चालू करायचं ना, की थेट ई-सिम?

सिडको_मोबाईलवाला

हो, तसंच, आधी साधं. फक्त कनेक्शन जोडताना ताईंना फोन घेऊन सोबत न्या, मुख्य नंबर त्यांचा आहे ना, संमतीचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल. आणि जाण्याआधी फोन करून जा, शनिवारी तिथे रांग असते.